चिकटलेली की नुसती टेकलेली?

"तीन, दोन, तीन.. दोन, दोन, तीन.. तीन, दोन, पाच."

दीड महिन्यापूर्वी दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो, तेव्हा हे आकडे कानावर येत होते. बोथट टोकाची, बारीक खुणा असलेली एक सळई त्या दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत घालत होत्या आणि आकडा सांगत होत्या. मदतनीस मुलगी तो लिहून घेत होती. कुणीतरी चुकीचे पाढे म्हणतंय असं वाटत होतं. 'पाच'पाशी मात्र बाई थांबल्या. कापसाचा बोळा फिरवला. त्यावर लाल ठिपका.

"ब्रश करताना इथून रक्त येतं का?"

"येतं कधीकधी. म्हणून तिथे जरा हलक्या हातानं.. म्हणजे खरं सांगायचं तर ती जागा मी सोडूनच देतो."

"नेमकं उलटं करताय," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचंही अगदी हेच होतं. "रक्त येतंय म्हणजे जखम आहे. जखमेवर कोणी ब्रश घासतं का?" असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद. जिथे रक्त यायचं ती बाजू ते सोडून द्यायचे. मग दुसऱ्या बाजूनं यायला लागायचं, मग तीही सोडायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांची पूर्ण कवळी झाली. रात्री स्टीलच्या भांड्यात पाण्यात ठेवलेली ती कवळी आमच्या घरातल्या सगळ्या मुलांनी भीतभीत पाहिलेली आहे. त्याआधी आजी. तिची मशेरी. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास अजून नाकात आहे. तिचे दात तर मला आठवतच नाहीत. आणि या सगळ्यावर घरात एकच वाक्य, अण्णा म्हणायचे, आत्याही म्हणते: "आपल्या घराण्याचे दातच कच्चे!"

असो. मला मात्र त्या दिवशी एक वेगळाच प्रश्न पडला होता. हिरडी जर दाताला चिकटलेली असते, तर ती सळई तीन मिलीमीटर आत गेली कुठून? आणि चिकटलेली नसेल, तर सळई थांबली कशाला? थेट मुळाच्या टोकापर्यंत का नाही गेली? भाची बीडीएसला आहे, तिला फोन लावला. ती हसायला लागली. म्हणाली, "मामा, या प्रश्नावर मोठमोठे लोक चाळीस वर्षं भांडलेत."

मग काय, रविवारी तिची पुस्तकं घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण शेवट त्यांच्यासाठी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिरड्यांचे आजार काही नवे नाहीत. सुश्रुतसंहितेत दाताच्या मुळाशी होणारे पंधरा रोग मोजले आहेत, आणि त्यातल्या पहिल्याच, 'शीताद' नावाच्या रोगाचं मुख्य लक्षण म्हणजे हिरड्यांतून विनाकारण रक्त येणं. हिरडीला तिथे शब्द आहे 'दंतवेष्ट', म्हणजे दाताभोवतीचं वेष्टण. गंमत बघा, वेष्टण म्हणजे गुंडाळलेली गोष्ट. ती चिकटलेली आहे की नुसती गुंडाळलेली, हे शब्दातही कळत नाही.

दुसरी गोष्ट समुद्रावरची. १७४७ साली 'सॅलिसबरी' नावाच्या इंग्रज युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर एक प्रयोग केला. दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी सगळ्यात लवकर सुधारली. हा प्रयोग शाळेत 'क' जीवनसत्त्वाच्या धड्यात आपण सगळ्यांनीच वाचलाय. पण त्यातली एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. स्कर्व्हीत काही महिन्यांतच हिरड्या कुजतात आणि धडधाकट तरुण खलाशांचे दात हलायला लागतात. दात जर खिळ्यासारखा एकदा ठोकून बसवलेला असेल, तर नुसतं लिंबू न खाल्ल्यानं तो सैल का व्हावा?

उत्तर असं की तो ठोकलेला नसतोच. दात हाडाला आणि हिरडीला बारीक तंतूंनी बांधलेला असतो. हे तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे, आणि ते शरीर सतत मोडतं आणि सतत नवे बनवतं. दाताभोवतालच्या कोलॅजेनची ही मोडतोड-बांधणी तर शरीरातल्या सगळ्यात वेगवान बांधण्यांपैकी एक. नवं धड कोलॅजेन बनवायला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते बंद झालं की मोडणं चालू राहतं आणि बांधणं थांबतं. बिचाऱ्या लिंडला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण त्याच्या खलाशांच्या तोंडात पुढच्या सगळ्या गोष्टीचं सार होतं.

तिसरे गृहस्थ अमेरिकेतल्या हार्टफर्डचे जॉन रिग्ज. १८४४ च्या डिसेंबरात होरेस वेल्स या दंतवैद्यानं लाफिंग गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, ती काढणारे हे रिग्ज! भूल देण्याच्या इतिहासात त्यांचं नाव या निमित्तानं येतं, पण त्यांचं खरं काम हिरड्यांवरचं. आपण ज्याला पायरिया म्हणतो त्याला तिकडे बराच काळ 'रिग्जचा आजार' म्हणत. त्या काळी सुजलेली हिरडी कापून टाकायची पद्धत होती. रिग्ज म्हणाले, हिरडी कापू नका, दाताला लागलेलं कीटण खरवडून काढा, हिरडी आपोआप सुधारेल. आणि ती सुधारायची. का सुधारते, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. हिरडी दाताला कशी जोडलेली असते हेच माहीत नव्हतं ना!

इथून भांडण सुरू होतं.

१९२१ साली व्हिएन्नामधल्या बर्नहार्ड गॉटलीब यांनी एक निबंध छापला. त्यांचं म्हणणं: हिरडीची आतली त्वचा दाताच्या पृष्ठभागाला खरोखर चिकटलेली असते, तिचं आणि एनॅमलचं एकसंध नातं असतं. या जोडाला त्यांनी नावही दिलं. तोपर्यंत हिरडी दाताला नुसती बिलगून असते असाच साधारण समज होता, त्यामुळे हा निबंध बराच गाजला. गॉटलीब ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्यांना व्हिएन्ना सोडावं लागलं. पॅलेस्टाइनमार्गे ते अमेरिकेत गेले, टेक्सासमधल्या डॅलसला शिकवू लागले आणि १९५० साली वारले. त्यांचे सहकारी बालिंट ऑर्बन हेही अमेरिकेतच स्थिरावले. आपल्याकडची बीडीएसची मुलं ज्या जाड पुस्तकाला नुसतं 'ऑर्बन' म्हणतात, ते याच ऑर्बनसाहेबांचं.

या दोघांनी मिळून १९३३ मध्ये आणखी एक सिद्धांत मांडला. हिरडीचा हा जोड आयुष्यभर हळूहळू खाली, मुळाच्या दिशेनं सरकत राहतो, आणि हे वाढत्या वयाबरोबर नैसर्गिकच आहे. इंग्रजीत म्हाताऱ्या माणसाला 'लांब दातांचा' म्हणतात. घोड्याचे दात पाहून वय ओळखायच्या पद्धतीतून आलेला हा वाक्प्रचार. त्यालाच जणू शास्त्राची मान्यता मिळाली. म्हणजे 'वय झालं की दात जायचेच' हे आपल्या आजीचं मत आणि व्हिएन्नाच्या प्राध्यापकांचं मत यांत फार फरक नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, भांडायचं कशाला? सूक्ष्मदर्शकाखाली बघून टाकायचं की! तर इथेच खरी मेख आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप करावे लागतात. दात इतका कठीण की तो नेहमीच्या पद्धतीनं कापता येत नाही. म्हणून आधी तो आम्लात ठेवून त्यातले क्षार काढून टाकायचे. पण एनॅमल जवळजवळ सगळंच क्षारांचं! ते विरघळून जातं आणि कापावर त्या जागी उरते पांढरी रिकामी पोकळी. म्हणजे ज्या जोडाबद्दल भांडण, त्याची एक बाजूच गायब. मग हिरडीच्या कडेला दिसणारी रेघ म्हणजे खरा जोड की कापताना झालेला फाटका, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

१९५२ साली नॉर्वेतल्या येन्स वॅरहाउग यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी अतिशय पातळ पोलादी पात्या दात आणि हिरडीच्या मधे सरकवून पाहिल्या. पाती अलगद आत गेली, पार एनॅमल संपतं तिथपर्यंत. फारसा विरोध नाही. वॅरहाउग म्हणाले, बघा, चिकटलेलं वगैरे काही नाही. शर्टाची कफ मनगटाला असते तशी हिरडी दाताभोवती घट्ट टेकलेली असते, बस्स. त्यांनी शब्दही 'कफ' असाच वापरला. म्हणजे आपलं 'वेष्टण'च!

एकीकडे कापांतून दिसणारा जोड, दुसरीकडे सहज आत शिरणारी पाती. माझ्या हिरडीत शिरलेली सळई आठवा. प्रश्न तोच, सत्तर वर्षांपूर्वीचा.

निकाल लावला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं. १९६२ मध्ये अर्विंग स्टर्न यांनी उंदरांच्या दातांवर आणि १९६६ मध्ये मॅक्स लिस्टगार्टन यांनी माणसाच्या दातांवर हा जोड हजारो पटींनी मोठा करून पाहिला. दिसलं ते असं. दाताला लागून असलेल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळीनं बारीक ठिपके असतात. त्यांना हेमिडेस्मोसोम म्हणतात. नाव भयंकर आहे, पण गोष्ट सोपी. आपलं टिचबटण असतं ना, तसं. दोन पेशी एकमेकींना धरतात तेव्हा दोन्हीकडे एकेक अर्धं बटण असतं. पण दाताच्या एनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नाही, तो बटण कुठून लावणार? मग पेशी आपल्या बाजूचं अर्धं बटण लावते, दाताच्या बाजूला स्वतःच प्रथिनांचा एक पातळ थर सारवते आणि त्या थराला धरून बसते. हा थर शरीरातल्या इतर ठिकाणच्या थरांपेक्षा वेगळा आहे आणि त्यातली काही खास प्रथिनं तर अलीकडच्या काही वर्षांतच ओळखली गेली आहेत.

म्हणजे गॉटलीब जिंकले? चिकटलेलीच असते म्हणायची?

थांबा. त्याच सुमारास दुसरीकडे पेशींच्या वयाचा शोध चालू होता. पेशी दुभंगायच्या आधी तिला नवा डीएनए बनवावा लागतो. त्याच्या कच्च्या मालावर किरणोत्सारी खूण करून ठेवली की कुठली पेशी कधी जन्मली आणि किती दिवसांत कुठे पोचली, ते कळतं. प्राण्यांवरच्या अशा अभ्यासांतून दिसलं की हिरडीची बाहेरची त्वचा दहाबारा दिवसांत नवी होते. आणि दाताला धरून बसलेली आतली पट्टी? चार ते सहा दिवसांत! हातापायाच्या कातडीला याला महिन्याच्या आसपास लागतो.

हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसलो. कारण याचा अर्थ असा की गेल्या आठवड्यात माझ्या दाताला धरून असलेल्या पेशींपैकी आज बहुतेक कुणीच जागेवर नाही. खालून नव्या पेशी येतात, जुन्या वर सरकतात आणि दात-हिरडीच्या चिंचोळ्या फटीतून बाहेर पडतात. सरकताना धरलेलं सोडतात, पुन्हा धरतात, पुन्हा सोडतात. आणि हे सगळं जोड न उसवता! गर्दीच्या लोकलमध्ये उतरणारे उतरत असतात, चढणारे चढत असतात, तरी दारातली माणसांची भिंत काही तुटत नाही, तसं काहीसं.

आणि मग वॅरहाउगची पाती इतकी सहज का गेली तेही कळतं. ही पट्टी मुद्दामच सैल विणीची आहे. तिच्या पेशींमधल्या फटींतून रक्तातल्या पांढऱ्या पेशी रात्रंदिवस बाहेर येऊन पहारा देत असतात. पातीनं ती फाटतेच. पण १९७२ साली माकडांवरच्या एका अभ्यासात दिसलं की असा उसवलेला जोड साधारण पाच दिवसांत पुन्हा पूर्ववत होतो. म्हणजे दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांचाही प्रश्न जरा चुकला होता. 'चिकटलेली आहे की नाही?' असा प्रश्न विचारला की उत्तर हो किंवा नाही असंच शोधलं जातं. हिरडी दाताला चिकटलेली 'असत' नाही. ती रोज चिकटत राहते.

१९६१ मध्ये ऑर्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोडाची मापंही काढली होती. वरची पेशींची पट्टी सरासरी ०.९७ मिलीमीटर, तिच्या खाली कोलॅजेनच्या तंतूंची बांधणी १.०७ मिलीमीटर. दोन मिलीमीटरची राखण! वरचं कुलूप नाजूक, पण पाच दिवसांत पुन्हा लागणारं. खालचं भक्कम. माझी सळई निरोगी दातापाशी या खालच्या कुलपाच्या वरच थांबत होती. सुजलेल्या हिरडीत मात्र तंतूच विरलेले असतात, म्हणून ती आत शिरते आणि रक्त येतं.

आता रक्ताकडे येतो. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुसला हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना (पुन्हा बाराच!) दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासायला लावले. साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. औषध नाही, काही नाही. जिवाणूंचा थर काढला आणि हिरडीनं स्वतःची दुरुस्ती केली. रिग्जना जे हातानं कळलं होतं त्याचा हा पुरावा.

म्हणजे हिरडीतून येणारं रक्त ही ब्रशनं केलेली जखम नव्हेच. बहुतेक वेळा ती थराखाली चाललेल्या लढाईची खूण असते. अण्णांनी ती खूण पाहून माघार घेतली, आणि दुरुस्तीला आठवड्याचा अवधी हवा होता तिथे थराला वर्षानुवर्षं मोकळं रान मिळालं. असं रान मिळालं की खालचे तंतू तुटतात, हाड झिजतं. वरची पट्टी सरकत सरकत मुळावर जाते आणि तिथे पुन्हा धरून बसते. तिचं काम ती सोडत नाही. पण तंतू आणि हाड एकदा गेले की सहसा आपणहून परत येत नाहीत.

राहिला 'घराण्याचा' प्रश्न. याच लोए यांनी १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० पुरुष कामगारांचा अभ्यास केला. दात घासायची सवय नाही, दंतवैद्य कधी पाहिलेला नाही, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी १९८६ च्या निष्कर्षांत दिसलं की ८ टक्क्यांचा आजार झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. म्हणजे पिंडाचा वाटा आहे. आपलं घराणं त्या आठात असेल, किंवा एक्याऐंशीत. पण 'कच्चे दात' हा निकाल नाही, ती फक्त सुरुवातीची पत्तेवाटणी आहे. आणि वयाबरोबर हिरडी उतरायचीच, हे गॉटलीब-ऑर्बन यांचं मतही आज कुणी तसंच्या तसं मानत नाही. हिरडी मुळावर उतरण्यामागे आजार असतो, तंबाखू असते, दांडगाईनं घासणं असतं. नुसतं वय क्वचितच.

अण्णांना हे सांगायला मिळालं असतं तर? ते ऐकले नसते बहुधा. "चार दिवसांत नवीन होते म्हणतोस, मग माझी का नाही झाली?" असं म्हणाले असते. आणि मी म्हणालो असतो, अण्णा, होत होती. शेवटचा दात पडेपर्यंत दर चार-सहा दिवसांनी होत होती. आपणच तिला उसंत दिली नाही.

दीड महिना झाला. कीटण काढून घेतलं. मऊ ब्रश आणला, त्याची टोकं हिरडीच्या कडेला तिरकी लावून हळू फिरवायची, दातांच्या फटींसाठी ती छोटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी काडी. पहिले काही दिवस बेसिनमध्ये लाल दिसायचं आणि हात आपोआप मागे यायचा. वडिलांचाच हात तो! मोजून ठेवलं होतं, आठव्या दिवशी पाणी स्वच्छ आलं. गेल्या आठवड्यात पुन्हा खुर्चीत पडलो. तीन, दोन, तीन.. आणि 'त्या' जागी बाई म्हणाल्या, "चार. रक्त नाही." तीन नाही झाले, होतीलच असंही नाही. पण चार.

आता शेवट, म्हणजे आत्यासाठी. आत्या, तुला कुणीतरी हे वाचून दाखवेलच. परवा फोनवर म्हणालीस ना, डाव्या बाजूनं रक्त येतं म्हणून तिकडे ब्रश लावत नाहीस? लाव. हलक्या हातानं, पण लाव. आणि थांबलं नाही तर दाखवून ये. मीच घेऊन जाईन.